गाईच्या तोंडात हात घातला, आता काय करायचं?

प्रश्न : आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यात वस्तीवर राहतो. दीड महिन्यापूर्वी एक अनोळखी कुत्रं गोठ्यात शिरलं. संकरित गाईला नाकपुडीजवळ चावलं आणि पळताना माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या पोटरीला दात लावून गेलं. रक्त थोडंच आलं. सासूबाईंनी लगेच मिरचीपूड आणि चुना लावला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एक इंजेक्शन दिलं. पुढच्या तारखाही दिल्या होत्या, पण जखम भरली, कांदा काढणी चालू होती, राहून गेलं. कुत्रं पुन्हा दिसलं नाही. आता परवापासून गाय चारा खात नाही. तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, आवाज घोगरा झालाय, सारखी हंबरते. घशात काही अडकलं असेल म्हणून ह्यांनी काल हात आत घालून पाहिला, काही सापडलं नाही. कालपर्यंतचं दूध घरात वापरलं, थोडं डेअरीला घातलं. वासरूही पितंय. गाय पिसाळली असेल का? कोणाकोणाला इंजेक्शन घ्यावं लागेल?

उत्तर : ताई, गाईचं काय झालंय ते नक्की ठरायला वेळ लागेल. मुलाच्या आणि तुमच्या यजमानांच्या उपचाराला तेवढा वेळ थांबायचं नाही. दोघांना आजच ग्रामीण रुग्णालयात न्या. गाईला तोवर कोणी हात लावू नये, एवढंच तिच्यासाठी आज पुरे. मोजकं फोनवर सांगितलं आहेच, इथे कारणांसकट लिहितो, कारण गोठ्यातला रेबीज ओळखायला बहुतेक घरांत उशीर होतो.

आधी यजमान. घशात वैरणीचा बोळा किंवा बटाटा अडकला असेल म्हणून आत हात घालणं, ही गुरांच्या रेबीजमध्ये माणसाला लागण होण्याची ठरलेली वाट आहे. गाय चावत नाही म्हणून कोणी घाबरत नाही, आणि कोपरापर्यंत हात लाळेत जातो. रोगाचा विषाणू लाळेत असतो. धड कातडीतून तो आत जात नाही. पण शेतकऱ्याच्या हाताची कातडी कुठे धड असते? बोटांच्या पेरांवरच्या भेगा, नखांच्या कडेची सालपटं, विळ्याचा कालचा काप आणि शिवाय गाईच्या दातांच्या कडेला घासून उठलेला ओरखडा. उजेडात दोन्ही हात नीट बघा. एकही ताजी भेग किंवा ओरखडा असला, तर फुटलेल्या कातडीला लाळ लागली असं धरायचं आणि तो धोक्याचा सर्वांत वरचा, म्हणजे तिसरा वर्ग. त्यात लस आणि सीरम (विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं) दोन्ही लागतात. लाळ डोळ्यात किंवा ओठांवर उडाली असली तरी तोच वर्ग.

काल हात धुतले असले तरी आज पुन्हा धुवा. वाहतं पाणी, साधा अंगाचा किंवा कपड्यांचा साबण, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं किती लांब वाटतात ते धुताना कळेल. बहुतेक जण दोन मिनिटांत नळ बंद करतात. या विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं आणि साबण ते फोडतो, म्हणून हा साधा उपाय इतका उपयोगी पडतो. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. पट्टी घट्ट बांधू नका.

चावल्यावर मिरची, चुना, हळद, तेल लावण्याबद्दल एकदाच स्पष्ट सांगतो. सासूबाईंनी काळजीपोटीच केलं असणार, त्यांना बोल लावू नका. पण मिरची-चुन्याने जखम चुरचुरते, आजूबाजूचं मांस दुखावतं आणि विषाणूला मज्जातंतूंपर्यंत जायला उलट सोपं होतं. त्यातून मोठं नुकसान म्हणजे मिरची लावल्यावर कोणी जखम धूत नाही.

आता मुलगा. त्याची जुनी चिठ्ठी शोधा आणि आधी एकच गोष्ट वाचा: ते इंजेक्शन नेमकं कशाचं होतं? कुत्रं चावल्यावर दवाखान्यात धनुर्वाताचंही इंजेक्शन देतात. चिठ्ठीवर टीटी किंवा टीडी असेल तर ते धनुर्वाताचं. रेबीजच्या लशीपुढे बहुधा एआरव्ही असं लिहितात आणि शेजारी चार-पाच तारखा असतात. ‘एक इंजेक्शन घेतलंय’ असं सांगणाऱ्या पुष्कळ घरांत ते फक्त धनुर्वाताचं निघतं. तुम्हाला पुढच्या तारखा दिल्या होत्या, त्यावरून रेबीजची लस दिलेली असावी, पण अंदाजावर सोडू नका.

रेबीजची लस झालीच नसेल, तर दीड महिना उलटला तरी आज पहिला दिवस धरून लस आणि सीरम दोन्ही सुरू होतात. एक डोस झाला असेल, तर राहिलेले डोस पुढे चालू करायचे असतात, सगळं पहिल्यापासून घ्यावं लागत नाही. म्हणजे तिसऱ्या दिवसाचा डोस आज, त्यानंतर चार दिवसांनी पुढचा आणि तिथून एकवीस दिवसांनी शेवटचा. एवढ्या मोठ्या खंडामुळे डॉक्टरांनी नव्याने सुरू केलं तर हुज्जत घालू नका, त्याने अपाय काही नाही. सीरमचा प्रश्न जरा नाजूक आहे. नियमाप्रमाणे ते लशीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आतच देतात, कारण त्यानंतर शरीर स्वतः प्रतिपिंडं तयार करू लागतं. तुमच्या मुलाचा डोस एकच झालाय आणि जखम रक्त आलेली होती, म्हणून हा निर्णय डॉक्टरांना चिठ्ठी समोर ठेवून घेऊ द्या. गाईची हकीकतही त्यांना सांगा. एकाच कुत्र्याने दोघांना चावलं आणि गाय आज अशी आहे, याचा अर्थ ते कुत्रं पिसाळलेलं असण्याचा संभव फार मोठा आहे.

मुलाला काही होत नाही म्हणजे धोका टळला, असं मात्र समजू नका. चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत माणसात साधारण एक ते तीन महिने जातात, कधी आठवडाभरच, कधी वर्षाहून जास्त. विषाणू रक्तातून न जाता मज्जातंतूच्या आतून मेंदूकडे सरकतो. पोटरीपासून डोक्याची वाट लांब, चेहऱ्यापासून किंवा मानेपासून जवळची. म्हणून नाकपुडीला चावलेली गाय आधी आजारी पडली आणि पायाला चावलेला मुलगा अजून बरा आहे, यात नवल नाही. मधल्या काळात लशीला काम करायला जागा आहे. जुन्या जखमेच्या जागी मुंग्या येऊ लागल्या, खाज सुटली, सोबत ताप किंवा विनाकारण अस्वस्थपणा दिसला, तर मधल्या दवाखान्यात वेळ न घालवता थेट जिल्हा रुग्णालय गाठा. पाणी गिळता येईनासं झाल्यावर या रोगावर खात्रीचा उपचार जगात कुठेही नाही, म्हणून सगळी घाई त्याच्या आधीची.

दवाखान्यात काय होतं हे माहीत असलं तर चूक झाली तरी तुमच्या लक्षात येईल. सरकारी दवाखान्यात लस बहुधा कातडीत देतात. दोन्ही दंडांवर एकेक, प्रत्येकी ०.१ मिली, आणि दिवस चार: शून्य, तीन, सात, अठ्ठावीस. पहिला डोस घेतला तो दिवस शून्य. सुई बरोबर थरात गेली तर तिथे मसुराच्या डाळीएवढा फुगवटा लगेच उठतो. तो उठला नाही तर औषध खोल गेलं, आणि तो डोस शेजारी पुन्हा द्यायला हवा. नर्सबाईंना विचारायला संकोच करू नका. खासगीत स्नायूमध्ये देतात, तेव्हा दर वेळी एक पूर्ण कुपी आणि दिवस पाच: शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस. मोठ्यांना दंडात, लहानग्यांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. कमरेत किंवा कुल्ल्यात ही लस कधीही घेऊ नये. तिथल्या चरबीत ती अडकते आणि प्रतिपिंडं पुरेशी तयार होत नाहीत. गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला, तान्ह्या बाळाला, सगळ्यांना ही लस देता येते. अंडी-मटण बंद करण्याची गरज नाही. हिवतापावरची क्लोरोक्वीनसारखी औषधं किंवा स्टेरॉइड चालू असतील, तर ते मात्र आधी सांगा.

पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात ही भीती अजून गावोगावी आहे. ती खोटी नव्हती, फक्त जुनी आहे. हिमाचलमधल्या कसौलीला ब्रिटिश डॉक्टर डेव्हिड सेम्पल यांनी काढलेली ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. भारतात तिचं उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबलं. तरी आजोबांनी सांगितलेल्या त्या चौदा सुयांच्या धास्तीने आजही लोक घरी बसतात.

सीरमकडे वळू, कारण घोटाळे जास्त तिथेच होतात. लशीला प्रतिपिंडं उभी करायला आठवडा-दोन आठवडे लागतात. सीरममध्ये ती तयारच असतात, म्हणून तेवढ्या काळापुरता जखमेवर पहारा त्यांचा. घोड्यापासून केलेलं सीरम वजनाच्या दर किलोला ४० युनिट, माणसाच्या रक्तापासून केलेलं २० युनिट. घोड्याच्या सीरमच्या एका मिलीत बहुधा ३०० युनिट असतात. म्हणजे वीस किलोच्या मुलाला ८०० युनिट, साधारण २.७ मिली. साठ किलोच्या माणसाला २,४०० युनिट, ८ मिली. कुपीवरचा आकडा एकदा वाचायला सांगा. हल्ली प्रयोगशाळेत बनवलेली मोनोक्लोनल प्रतिपिंडंही मिळतात, त्यांचं प्रमाण वेगळं आहे.

हे सीरम जखमेच्या आत आणि कडेने टोचायचं असतं. जखम सोडून फक्त दंडात किंवा कमरेत दिलं तर विषाणू जिथे आहे तिथे ते पोचतच नाही. यजमानांच्या बोटांवरच्या भेगांत ८ मिली मावणार नाही. बोटाच्या टोकाला जबरदस्तीने भरलं तर रक्तपुरवठा दबतो, म्हणून मावेल तेवढंच हळूहळू द्यायचं. उरलेलं कमरेत देण्याची आता गरज मानत नाहीत. उलट जखमा अनेक असून सीरम पुरत नसेल, तर सलाइनने दुप्पट-तिप्पट पातळ करून प्रत्येक जखमेत थोडं-थोडं देतात. सीरम आणि लस एकाच सिरिंजमध्ये किंवा एकाच जागी देत नाहीत. घोड्याच्या सीरमने क्वचित जोराची ॲलर्जी येते, त्यामुळे नंतर अर्धा तास दवाखान्यातच बसा. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस असते पण सीरम नसतं, असं पुष्कळदा होतं. तसं झालं तर लशीचा पहिला डोस तिथे घ्या आणि सीरमसाठी त्याच दिवशी ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात जा. ‘लस घेतली, आता सीरम कशाला’ असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

दूध. उकळलेलं दूध, त्याचा चहा, त्याचं विरजण, तूप यातून रेबीज होत नाही. उष्णतेने विषाणू मरतो. डेअरीचं दूधही पाश्चराइज होतं, पण आजपासून घालणं बंद करा आणि त्यांना कारण सांगा. घरात कोणी धारोष्ण, न तापवलेलं दूध प्यायलं असेल, तर तसं डॉक्टरांना सांगा. पिसाळलेल्या गाईच्या दुधामुळे माणसाला रेबीज झाल्याची खात्रीशीर नोंद नाही, तरीही कच्चं दूध प्यायलेल्यांना लस द्यायची का, हे डॉक्टर ठरवतील. दुधापेक्षा जास्त विचार धार काढणाऱ्याचा करा: गाय वळून चाटली का, लाळ भेगाळलेल्या हाताला लागली का? नुसतं गोमूत्र किंवा शेण हाताळल्याने रोग होत नाही, धड कातडीवर पडलेली लाळ धुतली की पुरे. सगळ्या घराने रांगेत उभं राहून सुया टोचून घेण्याची गरज नाही. प्रत्येकाचं वेगळं पाहा: कुठे, कशाने, कातडी फुटलेली होती की धड. आणि गुरांच्या बाबतीत दहा दिवस वाट पाहण्याचा नियम लागू नाही. तो फक्त कुत्रा आणि मांजर यांच्यासाठी आहे: चावलेलं कुत्रं डोळ्यासमोर दहा दिवस ठणठणीत राहिलं तर पुढचे डोस थांबवता येतात. उपचार तिथेही पहिल्याच दिवशी सुरू करायचे. तुमचं कुत्रं तर दिसेनासंच झालं, त्यामुळे पूर्ण डोस.

आता गाय. तुम्ही लिहिलेली लक्षणं रेबीजशी जुळतात. लाळ गिळता येत नाही म्हणून ती बाहेर लोंबते, कारण घशाचे स्नायू लुळे पडू लागतात. त्याच कारणाने आवाज बदलतो. हंबरडा घोगरा, लांब आणि शेवटी तुटल्यासारखा. पुढे काय दिसू शकतं ते सांगतो: शेण टाकायला सारखी जोर करणं, माजावर नसताना दुसऱ्या जनावरांवर चढणं, खुंट्याला डोकं घासणं, अचानक अंगावर येणं. मागचे पाय लटपटतात, खूर दुमडून चालते, मग बसते ती उठत नाही. काही जनावरं अजिबात चवताळत नाहीत, नुसती मलूल उभी राहतात. लोकांना फसवतात ती हीच. पाणी दाखवून पाहण्याची परीक्षा करू नका, ती कुत्र्यातही चालत नाही: पाण्याची भीती हे माणसाचं लक्षण आहे, पिसाळलेली कुत्री पाण्यात तोंड घालताना दिसतात.

दुसरं काही असण्याची शक्यता आहेच. खरंच काही अडकलं असेल तर एकाएकी सुरू होतं. गाय मान ताणते, खोकते आणि थोड्याच वेळात डावी कूस फुगते. दोन दिवस पोट न फुगता फक्त लाळ, हे त्यात बसत नाही. लाळ्या-खुरकूत असेल तर ताप असतो, जिभेवर आणि हिरड्यांवर फोड, खुरांच्या बेचक्यात जखमा आणि बहुधा एकाहून जास्त जनावरं आजारी. पण हे तपासायला तोंड उघडावं लागतं, आणि ते काम हातमोजे घातलेल्या पशुवैद्यकाचं. १९६२ हा टोल-फ्री क्रमांक लावा, ‘कुत्रं चावलेली गाय, लाळ गळतेय’ हे पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे ते तयारीने येतील. तोवर दोन मजबूत दोरांनी बांधून ठेवा, मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा, चारा-पाणी लांब दांड्याने सरकवा. नळकांड्याने औषध पाजू नका. गिळता येत नसल्यामुळे ते फुप्फुसात जाईल आणि पाजणाऱ्याच्या हातावर लाळ येईल. रेबीज असेल तर लक्षणं दिसल्यापासून बहुधा आठवड्या-दहा दिवसांत गाय जाते. आता तिला लस देऊन उपयोग नाही. ती कुत्रं चावल्याच्या दिवशी जखम धुऊन सुरू करायची असते. जनावरांना सहसा शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस दिवशी एकेक मिली, आणि काही पशुवैद्यक नव्वदाव्या दिवशी आणखी एक देतात. गोठ्यात पुन्हा असं झालं तर कुत्रं गेल्यावर लगेच नळीने जखम धुवा.

वासरू आजच आईपासून तोडा. दूध पिण्यापेक्षा आईच्या चाटण्याची काळजी जास्त आहे. पशुवैद्यकांकडून त्याला लशीचे डोस सुरू करा. बादलीतून पाजायला शिकवताना आपण बोट वासराच्या तोंडात देतो, ती सवय आता पूर्ण बंद. चोखणीची बाटली वापरा, हातमोजे घाला. बाकीच्या जनावरांपैकी कोणाला चावल्याची खूण आहे का ते पाहा, आणि त्या गाईची गव्हाण वेगळी करा. सांडलेली लाळ साबणाच्या पाण्याने आणि ब्लीचिंग पावडरने धुतली, उन्हात वाळली की तिथला विषाणू टिकत नाही.

गाय गेलीच तर कातडी काढायला कोणाला देऊ नका, मांसाला तर नाहीच. निदानासाठी मेंदूचा नमुना लागतो. डोकं घरी कापायचं नाही, पशुवैद्यक घेतील आणि बर्फात घालून पुण्यात औंधच्या रोग निदान प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी पाठवतील. अहवाल येईपर्यंत माणसांचे डोस चालूच ठेवा. खड्डा विहिरीपासून लांब, किमान सहा फूट खोल, वर चुना, मग माती चापून दाबलेली, नाहीतर कुत्री उकरतात.

अनोळखी कुत्र्याच्या रागाने वस्तीवरची सगळी कुत्री मारायचा विचार कोणी मांडलाच तर सांगा, रिकाम्या झालेल्या जागेत बाहेरची, लस न दिलेली कुत्री येतात. कायद्यानेही ते चालत नाही. गोव्यात २०१४ च्या सुमारास गावोगावच्या कुत्र्यांना सरसकट लस द्यायला सुरुवात झाली. माणसांचे मृत्यू शून्यावर आले आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. निदान तुमच्या वस्तीवरच्या, भाकरी खाऊन गोठ्याजवळ निजणाऱ्या चार-दोन कुत्र्यांना वर्षातून एकदा लस टोचून घ्या. पिल्लाला तिसऱ्या महिन्यात पहिली. यजमानांनी आणि मुलाने सगळे डोस पुरे केले की त्यांची चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून ठेवा. पुढे पुन्हा कधी चावलं तर त्यांना शून्य आणि तिसऱ्या दिवशी असे दोनच डोस लागतील आणि सीरम लागणार नाही, पण त्यासाठी आधीचा कागद दाखवावा लागतो.